कुसळीला लावलेली आग

नोकरीत असताना मला कोणी विचारलं, "वनखात्यात तुम्ही नेमकं काय करता हो?" तर मी सरळ सांगायचे, "आग लावते." समोरचा आधी हसायचा, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून गप्प व्हायचा. आमच्या विठ्ठलवाडीच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरच्या वाघमारेवहिनींनी तर एकदा मला जिन्यात बाजूला घेऊन विचारलेलं, "शोभाताई, खरंच की काय? आणि सरकार त्याचा पगार देतं?"

देतं. वनरक्षक म्हणजे वाघ-बिबटे असं लोकांच्या डोक्यात असतं. माझ्या बीटात, म्हणजे माझ्या ताब्यात दिलेल्या जंगलाच्या तुकड्यात, बिबट्या असलाच तर पाऊलखुणांपुरता. एरवी म्हशी, शेळ्या, लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली जोडपी आणि रविवारी दगडांच्या चुलीवर कोंबडी भाजायला येणारी मंडळी. कल्याणच्या बाहेर, जिथे टॉवर संपतात आणि डोंगर सुरू होतो, त्या मधल्या पट्ट्यात मी सगळी नोकरी काढली. डोंगरावर साग, ऐन, धावडा. पायथ्याला गवताचं मोठं कुरण. आणि दिवाळी झाली की या सगळ्याला एकच धास्ती, वणव्याची.

वणवा लागतो आणि आग लावतात. यातला फरक लोकांना समजावण्यात माझी निम्मी नोकरी गेली. दरवर्षी आम्ही जंगलाच्या कडेने गवताचा एक पट्टा मुद्दाम जाळून ठेवतो, त्याला जाळरेषा म्हणतात. पुढे उन्हाळ्यात कोणी विडीचं थोटूक टाकलं, तरी आग त्या काळ्या पट्ट्यापाशी येऊन थांबते, कारण तिथे तिला खायला काही उरलेलं नसतं. एकदा जळलेली जागा पुन्हा जळत नाही. आमच्या धंद्यातलं सगळं शहाणपण या एका वाक्यात आहे, बाकी सगळी अंगमेहनत.

मी या नोकरीत हौसेने आलेली नाही. माझे मिस्टर वनखात्यात होते. ते आजारपणात गेले तेव्हा मुलगी बालवाडीत होती. त्यांच्या जागी मला घेतलं. तोवर मी आग पाहिलेली ती स्टोव्हची. पहिल्याच हंगामात भुवया जळाल्या, तेव्हा मुलगी मला बघून रडायला लागली, की ही माझी आई नाही.

मला आग शिकवली ती बुधाजींनी. बुधाजी डोंगरावरच्या ठाकरवाडीतले, खात्याच्या कामावर हंगामी मजूर म्हणून यायचे. उंचीला माझ्या खांद्याएवढे, बोलणं अगदी कमी. पहिल्या दिवशी मी गवताची चूड पेटवली आणि वाऱ्याकडे पाठ करून गवताला लावायला निघाले, तर त्यांनी मनगट धरलं.

"बाई, वारा कुनीकडनं येतो?"

"मागून."

"मंग ती पळंल. तिच्यामागं कोन पळनार? तुमी का मी?"

आग लावायची ती वारा जिकडे चाललाय त्या टोकाला. म्हणजे ती वाऱ्याच्या विरुद्ध, रांगत, कुरकुरत मागे येते. तशी आग गुडघ्याच्या वर जात नाही. आपण तिच्या बाजूने चालत जायचं, कुठे फार वळवळली तर ओल्या गोणपाटाने थोपटायचं. आता पोरांच्या पाठीवर ब्लोअर आलेत, वाऱ्याच्या झोताने आग मागे ढकलतात, फार आवाज करतात. कामाचे आहेत. पण ओलं गोणपाट मी शेवटपर्यंत सोडलं नाही.

तर हे जाळरेषेचं झालं. सांगायचं आहे ते कुरणाबद्दल.

कुरणाच्या पश्चिमेला आगऱ्यांचं जुनं गाव आहे. गावात बऱ्याच जणांनी जमिनी विकल्या, गाड्या घेतल्या, पण पदूकाकांनी म्हशी ठेवल्या. पदूकाका म्हणजे सहा फुटी माणूस, पांढऱ्या मिशा, कमरेला चौकड्याची लुंगी, खांद्यावर टॉवेल. त्यांचं दूध डोंबिवलीत जायचं, आणि गिऱ्हाईकाने दुधात पाणी आहे म्हटलं तर हे त्याला म्हैस बघायला गावात बोलवायचे. म्हशींना पोरींच्या नावाने हाका मारायचे आणि पोरींना म्हशींच्या नावाने, असं त्यांची सून म्हणायची.

एका पावसाळ्यानंतर पदूकाका माझ्या चौकीवर आले, बरोबर एक म्हैस घेऊनच.

"ये गो शोभा, बग हिचा तोंड."

त्यांनी म्हशीचा ओठ वर केला. हिरड्यांत, जिभेखाली, गालाच्या आतून बारीक काळ्या सुया रुतल्या होत्या. काही ठिकाणी पू झालेला. बिचारी मान हलवत होती.

"कुसली," काका म्हणाले. "सगला कुरन कुसलीनं भरला. माजी जनावरं उपाशी ऱ्हातान पन तोंड लावीत नाय. मी काय आता यांना वडापाव खाया घालू?"

कुसळी गवत शहरातल्या माणसानेही पाहिलेलं असतं, फक्त नाव माहीत नसतं. डोंगरावर फिरून आल्यावर मोज्यांत जे टोचत राहतं ते. त्याच्या दाण्याला पुढे सुईसारखं टोक असतं आणि मागे पिळलेली लांब शेपटी. ओल लागली की शेपटीचा पीळ सुटतो, ती गोल फिरते आणि दाण्याला स्क्रूसारखं जमिनीत घुसवते. जमिनीत जे करते तेच ती जनावराच्या तोंडात करते. कोवळी असताना गुरं खातात, पण दाणा धरला की कुरण असून नसल्यासारखं. आणि गुरं बाकीचं चांगलं गवत खाऊन कुसळी तेवढी सोडून देतात, त्यामुळे दरवर्षी ती वाढतच जाते.

यात नुसत्या म्हशींचा प्रश्न नव्हता. गुरं जात नाहीत ते कुरण म्हणजे लोकांच्या लेखी पडीक जमीन. टॉवर तर कुरणाच्या कडेपर्यंत आलेलेच होते. रोज कोणी ना कोणी पांढऱ्या गाडीतून उतरून कुरणाकडे बघत उभा राहायचा आणि मला विचारायचा, "मॅडम, ये जगह का कुछ होनेवाला है क्या?"

त्या वर्षी आमच्याकडे नवे रेंजर आलेले, नाईकसाहेब. तरुण, चष्मा, गवतावर शिकलेले. गवतावर शिकता येतं हेच आम्हाला नवीन होतं. ते कुरणात उकिडवे बसून तासभर काड्या उपटत राहायचे. त्यांनी मला आणि बुधाजींना बसवून सांगितलं, "शोभाताई, हे गवत आपण जाळायचं. पण उन्हाळ्यात नाही. आत्ता, दिवाळीच्या पाठोपाठ."

"साहेब, आत्ता अर्धं हिरवं आहे."

"म्हणूनच. उन्हाळ्यात जाळता तेव्हा कुसळीचा दाणा जमिनीत गेलेला असतो. आग वरून निघून जाते, तिला काही होत नाही. वर पडलेलं चांगल्या गवताचं बी मात्र भाजून जातं. म्हणजे इतकी वर्षं लोक कुरण जाळून कुसळीचीच शेती करतायत. दाणा अजून काडीवर आहे तोवर जाळला, तरच तो मरेल. चांगल्या गवताची मुळं ओलीत आहेत, ती पुन्हा फुटतील."

बुधाजींनी एक काडी मोडून पाहिली. मग म्हणाले, "पेटंल. पन दिवस धरून पेटवावं लागंल. दव सुकल्यावर, नि खाडीचा वारा याच्या आत."

हे समजून घ्यायला हवं. त्या दिवसांत सकाळी आमच्याकडे डोंगरावरून शहराकडे मंद वारा असतो, म्हणजे पूर्वेकडून. दुपार चढली की तो पडतो आणि खाडीकडून उलटा वारा सुटतो, पश्चिमेचा, जोराचा. सकाळी लवकर गवत दवाने भिजलेलं, पेटत नाही. उशीर झाला तर वारा उलटतो. या दोन्हींच्या मधे काय तो वेळ.

गावदेवीच्या देवळापुढे बैठक घेतली. साहेबांनी छान समजावलं, लोक माना हलवत होते. कुरणाचा एकच भाग आधी जाळून बघू, असं ठरत आलं. तेवढ्यात पदूकाका उभे राहिले.

"साहेब, आग कुनाचा ऐकत नाय. तुमी लावाल नि घरा जाल. आमी इथंच ऱ्हानार."

मी म्हटलं, "काका, तुमच्याच म्हशींसाठी चाललंय ना?"

"माझ्या म्हशी मी बगून घेन." आणि ते उठून निघून गेले.

मला वाईट वाटलं, रागही आला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गोठ्यावर गेले. काका म्हशीच्या तोंडातली कुसळं चिमट्याने काढत बसलेले. माझ्याकडे न बघताच बोलायला लागले. ते पोरगे असताना त्यांच्या खळ्यावर वैरणीच्या गंजीला आग लागलेली. बाजूच्या गोठ्यात म्हैस बांधलेली होती. बाप तिचं दावं सोडवायला आत गेला. दावं सुटलं, म्हैस वाचली, पण बापाचे दोन्ही हात भाजले.

"तवापासून त्यानं धार काडली नाय. बोटां वलायचीच नाय त्याची. म्हशीजवल बसायचा नि माज्या हाताकरं बगायचा." काकांनी चिमटा खाली ठेवला. "मी आजून घरात गॅस पेटवीत नाय, शोभा. सूनबाय पेटवतं."

चहा झाला. निघताना मी एवढंच म्हटलं, "काका, तुम्ही नका येऊ तिकडे. पण मनाई करू नका."

"मनाई नाय करनार," ते म्हणाले. "पन येनार. माजा कुरन हाय."

ठरल्या दिवशी आम्ही सगळे कडेवर उभे होतो. जाळायचा तुकडा पूर्वेला डोंगराच्या जंगलाला टेकलेला, पश्चिमेला गावाची वाट. चारी बाजूंनी गवत कापून पट्टा साफ केलेला, पाण्याचे ड्रम भरून ठेवलेले. गावातल्या बायकांनी दिवाळीच्या उरलेल्या करंज्या आणि चिवडा आणलेला, त्यामुळे जत्रेसारखं वातावरण. पेटवण्याआधी आम्ही डबे वाजवत तुकड्यातून ओळीने फिरलो. ससे पळाले, दोन लावे उडाले, एक जोडपं निघालं आणि तेही पळालं.

वारा डोंगरावरून होता. बुधाजींनी पश्चिमेच्या कडेला पहिली चूड टेकवली. गवत आधी नुसतं धुमसलं, मग तडतडत धरलं. आग वाऱ्याच्या विरुद्ध, पूर्वेकडे सरकायला लागली, लहान बाळाने रांगावं तशी. तिच्या पुढे नाकतोडे उडायचे, आणि त्यांना टिपायला बगळे आणि कोतवाल कुठून कुठून येऊन जमलेले. साहेब माझ्याशेजारी उभे होते. खुशीत म्हणाले, "शोभाताई, पुस्तकात काढलेली असावी तशी चाललीय."

आणि पदूकाकांचा फोन वाजला.

सुनेचा होता. काकांचा चेहरा उतरला. "चांदी दाव्याला नाय," ते म्हणाले. चांदी म्हणजे त्यांची कपाळावर पांढरा ठिपका असलेली म्हैस, दिवस भरलेली. व्यायला झालेली म्हैस एकांत शोधते, हे मलाही माहीत होतं.

"काका, कुठे गेली असेल?"

त्यांनी बोटाने तुकड्याच्या मधोमध दाखवलं. "तया कातल हाय. खोलगा हाय बाजूला. गेल्या येलला पन तयाच व्यायली ती."

आम्ही तिथून डबे वाजवत गेलेलो. पण खोलगटात बसलेली, कळा देणारी म्हैस डब्याला थोडीच उठणार!

आग अजून लांब होती, रांगत होती. जाऊन म्हशीला घेऊन यायला भरपूर वेळ होता. मी दोन ओली गोणपाटं खांद्यावर टाकली, चूड आणि काडेपेटी घेतली, सवयीने घेतली, आणि काकांना म्हटलं, "चला." आम्ही दक्षिणेच्या कडेने आत शिरलो. गवत छातीपर्यंत. कुसळं कपड्यांतून अंगात शिरत होती.

चांदी तिथेच होती. कातळ म्हणजे जेमतेम एका खोलीएवढा उघडा दगड, त्याच्या कडेच्या खळग्यात ती आडवी पडलेली. रेडकाचे पाय बाहेर आलेले होते. काका गुडघ्यावर बसले, तिच्या पाठीवर हात फिरवत काहीतरी पुटपुटत राहिले. मी उभी राहून आगीकडे बघत होते. आणि माझ्या लक्षात आलं की धूर सरळ वर चाललाय. वारा पडला होता.

मग पदर एकदम पुढे उडावा तसं सगळं गवत डोंगराच्या दिशेला वाकलं. खाडीचा वारा त्या दिवशी लवकर आला.

आता हिशेब उलटा झालेला. पश्चिमेची रांगणारी आग वाऱ्याच्या पुढ्यात आली, उभी राहिली आणि आमच्याकडे पळत निघाली. साहेबांचा फोन आला. "शोभाताई, बाहेर या! बुधाजी म्हणतायत पूर्वेची कड आत्ताच पेटवायला हवी, नाहीतर जंगलात जाईल!"

"पेटवा, साहेब."

"आणि तुम्ही?"

"बुधाजींना सांगा, मी कातळावर आहे. त्यांना कळेल."

काकांना मी म्हटलं, "काका, उठा. म्हैस राहू दे." खरं तर हे बोलायलाच नको होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच क्षणी रेडकू बाहेर आलं, ओलं, काळं, वाफाळणारं. रेडी होती. काकांनी टॉवेलने तिचं नाक पुसलं, तोंडात बोट घालून साफ केलं. चांदी उठायचं नाव घेईना. पश्चिमेकडून आवाज यायला लागला होता. गवताची मोठी आग लांबून पाऊस आल्यासारखी ऐकू येते.

नुसता कातळ पुरणार नव्हता. एवढ्याशा दगडावर दोन माणसं, एक म्हैस, एक रेडकू, चारी बाजूंना छातीएवढं गवत. भाजलो नसतो तर गुदमरलो असतो. करण्यासारखं एकच होतं, आणि त्या माणसाला ते सांगणं मला आगीपेक्षा अवघड गेलं.

"काका, ऐका. मी आता इथे आग लावणार आहे. आपल्या पायाशी."

त्यांनी मान वर केली. तो चेहरा मी विसरणार नाही. मोठ्या माणसाचा चेहराच नव्हता तो.

"ही कातळाच्या पलीकडे लावेन. वारा तिला आपल्यापासून लांब, डोंगराकडे नेईल. ती गेली की जे काळं उरेल, त्यावर आपण जायचं. मागची आग आली तरी तिला तिथे खायला काही नसेल. समजलं?"

"शोभा, नको गो."

"काका, माझ्यावर भरवसा आहे का?"

त्यांनी रेडकू छातीशी धरलं, डोळे मिटले आणि मान हलवली.

कातळाच्या पूर्वेच्या कडेला मी चूड टेकवली. वर्षानुवर्षं ज्याला नको नको म्हटलं तेच केलं, वाऱ्याकडे पाठ करून आग लावली. या वेळी मनगट धरायला बुधाजी नव्हते. गवताने भस्सकन घेतलं आणि आग माझ्यापासून पळत सुटली. तोंडावर झळ आली. मागे काका ओरडल्याचं ऐकू आलं, की म्हैस ओरडली, मला आजही सांगता येणार नाही. थोड्या वेळात समोर काळी, धुरकट जमीन उघडी पडली, ठिकठिकाणी बुंधे लुकलुकत होते. मी गोणपाटाने बुंधे झोडपत जागा केली आणि एक गोणपाट खाली अंथरलं.

"काका, आणा तिला!"

ते रेडकाला कवटाळून, डोळे अजून मिटलेले, कातळावरून माझ्या आवाजाच्या दिशेने चालत आले. आणि चांदी उठली. इतका वेळ ढकलून न उठलेली म्हैस, पोर चाललंय म्हटल्यावर धडपडत उठली, हंबरली आणि गरम राखेतून त्यांच्यामागे आली. आम्ही चौघं त्या काळ्या तुकड्यावर एकमेकांना खेटून उभे राहिलो. मी दुसरं गोणपाट काकांच्या डोक्यावर आणि रेडकावर धरलं. मागची आग आली. कातळाच्या दोन्ही बाजूंनी ती उसळली, गरम वारा अंगावरून गेला, डोळ्यांतून पाणी, घशात धूर. मग आमच्यापुढे तिला काही मिळेना, तशी ती खाली बसत गेली, आणि पुढे बुधाजींनी पूर्वेकडून लावलेली आग तिला येऊन भेटली. दोन्ही आगी एकमेकींवर उंच झाल्या आणि एकदम विझल्या. तसं ते होतंच. तरी दरवेळी बघताना नवल वाटतं.

धूर विरला तेव्हा बुधाजी राखेतून अनवाणीच पळत येताना दिसले. आमच्यापाशी येऊन थांबले, म्हशीकडे बघितलं, रेडकाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"वाऱ्याकडं पाठ करून लावलीत?"

"हो."

"बरं केलंत," म्हणाले, आणि मटकन खाली बसले.

काकांनी गोणपाट काढलं. रेडकाच्या अंगावर राख पडली होती. ते आपल्या तळव्यांकडे बघत होते, उलटेपालटे करून, बोटं मिटून, उघडून.

त्या संध्याकाळी टॉवरवाल्यांचे फोन सुरू झाले. कोणाच्या बाल्कनीत काळी राख पडलेली, कोणी व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ टाकलेला, 'वनखातंच जंगल जाळतंय'. एक बाई तर पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "मॅडम, माझ्या वाळत घातलेल्या चादरींचं काय?" मी त्यांना म्हटलं, या, कुरण दाखवते. त्या खरंच आल्या, नातवाला घेऊन, आणि पुढच्या वर्षी चादरी घरात वाळत घालून जाळायच्या दिवशी आमच्यासाठी लिंबूसरबत घेऊन आल्या.

पण सगळं गोड नव्हतं. दुसऱ्या दिवशी काळ्या कुरणातून फिरताना मला एका करवंदीच्या जाळीत घोयरा सरडा दिसला, डहाळी घट्ट धरूनच भाजलेला. घोयरा हळू चालणारा, रंग बदलून लपणारा प्राणी, त्याला पळणं ठाऊकच नाही. डबे वाजवून त्याचा काय उपयोग! साहेबांना दाखवला. त्यांनी तो तळहातावर घेतला. नंतर आम्ही एकसलग तुकडा कधीच जाळला नाही. मधेमधे जाळ्या आणि गवताची बेटं राखायची, त्यांच्याभोवती आधी हाताने कापून घ्यायचं, असं ठरवलं. काम दुप्पट झालं. आणि कातळ, खळगे माणूस जाऊन डोळ्यांनी बघून आल्याशिवाय काडी ओढायची नाही, हेही ठरलं. तरीही काहीतरी मरतंच. ज्याला आग लावायची आहे त्याला हे घेऊन जगावं लागतं.

चार-सहा दिवसांनी पदूकाका आमच्या घरी आले. लिफ्ट बंद होती, जिने चढून आले. हातात स्टीलचा डबा, त्यात चांदीच्या चिकाचा खरवस, वेलची घालून. मुलगी तेव्हा कॉलेजात होती, तिने त्यांना पाणी दिलं. ते तिला म्हणाले, "तुजी आई आगीला सांगतं कुटं जा नि कुटं नको जाव." मुलगी माझ्याकडे बघून हसली. ज्या पोरीने माझ्या जळक्या भुवया बघून मला ओळखायचं नाकारलेलं, ती.

पुढच्या पावसाळ्यात जाळलेल्या तुकड्यात पवन्या आणि मारवेल हे गुरांच्या आवडीचं गवत उठून आलं, मऊ, रुंद पानांचं. कुसळी गेली नव्हती, तशी ती एका वर्षात जात नसते. पण आधी चहूकडे तीच होती, आता ती शोधावी लागत होती. त्या रेडीचं नाव काकांनी शोभा ठेवलं. मला ते सूनबाईकडून कळलं. काका तोंडावर कबूल करेनात, पण गावात कोणी 'शोभा, हो मागं!' असं ओरडलं की मी वळून बघायचे आणि पोरं खिदळायची.

कुरणाचा उत्तरेचा तुकडा पुढे रस्त्यात गेला, तो आम्ही वाचवू शकलो नाही. नाईकसाहेब बदली होऊन गेले, आता कुठेतरी विदर्भात गवत उपटत बसलेले असतील. बुधाजी गेले, पिकल्या वयात, आपल्या वाडीत, निवांत. राहिलेलं कुरण अजून कुरण आहे. संध्याकाळी तिथे म्हशी दिसतात, हे मी कोणालाही नेऊन दाखवू शकते.

मी मागच्या वर्षी निवृत्त झाले. माझ्या जागी प्राजक्ता आली, दिवा गावातली मुलगी, हुशार, चटपटीत, मला मॅडम म्हणते. यंदा कुसळीला दाणा धरल्यावर एका सकाळी तिचा फोन आला. मी भाजी निवडत होते.

"मॅडम, सगळे उभे आहेत. कातळ, खळगे बघून झाले. दव सुकलंय. वारा डोंगरावरूनच आहे, पण थोडा थोडा थांबतोय. लावू का?"

माझ्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची गॅलरी दिसते, तिथे कोणाचे तरी कपडे लटकलेले, हलत नव्हते. तोंडावर 'लाव' आलेलं. मग 'नको' आलं. दोन्ही गिळलं.

"प्राजक्ता, मी घरात आहे गं. तिथे तू उभी आहेस. तुला काय वाटतं?"

मला तिच्या मागे माणसांची कुजबुज ऐकू येत होती.

"मला वाटतं, आज नको," ती हळूच म्हणाली. "सगळे वाट बघतायत, पण... मला वारा बरोबर नाही वाटत. उद्या बघते."

"मग तेच सगळ्यांना मोठ्याने सांग."

तिने फोन बंद न करताच सांगितलं. कोणीतरी कुरकुरलं. आणि मग त्या कुरकुरीवर पदूकाकांचा म्हातारा, खणखणीत आवाज चढला, काठी आपटल्याच्या आवाजासकट.

"ऐकाला नाय आला काय रं? पोरीनं सांगलाय, आज नाय. चला घरा!"

मी फोन कानाला तसाच लावून बसले. पावलं गवतातून परत निघाल्याचा आवाज लांब जाईपर्यंत ऐकत राहिले.